सावलीचा जमाखर्च

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या फायलीत एकेचाळिसाव्या पानावर झाडांचा तक्ता आहे. अकरा झाडं, अकरा ओळी. सातवी ओळ अशी : ‘पर्जन्यवृक्ष. घेर ३३० सेंमी. अंदाजे वय २८ वर्षे. प्रस्ताव : तोडणे.’ तिच्या वरच्या ओळीत एक सीताफळ आहे, खालच्या ओळीत पाण्याच्या टाकीला खेटून आपसूक उगवलेलं सुबाभूळ. तिन्ही ओळी सारख्याच उंचीच्या. एक्सेलमध्ये त्या तशाच असतात.

एरवी हे पान कोणी उघडत नाही. सभासद बघतात ती पानं ठरलेली : कार्पेट, म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ, किती वाढवून मिळणार, कॉर्पस, म्हणजे विकसकाकडून मिळणारी रोख रक्कम, किती, भाडं किती महिन्यांचं, ताबा कधी. पण मी एकतीस वर्षं एका कारखान्यात कॉस्टिंगला होतो. निवृत्त कॉस्ट अकाउंटंटच्या हातात फाइल पडली की तो ती मागून वाचायला घेतो. नटबोल्टपासून कॅन्टीनच्या चहापर्यंत प्रत्येक गोष्टीची किंमत काढण्यात जन्म गेला, त्यामुळे माझी नजर आधी रकान्यांवर जाते. झाडाला क्रमांक होता, घेर होता, वय होतं. किमतीचा रकाना नव्हता.

कमिटीतल्या एका बाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘झाडाची कसली किंमत काढताय काका? अमूल्य असतं ते.’’ बोलल्या मनापासून, पण आमच्या धंद्यात ‘अमूल्य’ आणि ‘शून्य’ वहीत एकाच पद्धतीनं लिहितात. रकाना कोरा सोडायचा.

म्हणून मी तो भरायला घेतला. आणखी एक कारण होतं, सकाळी करायला दुसरं काही नव्हतं.

आमची वसाहत पुण्यातल्या सहकारनगरातली. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि त्यानंतर पूरग्रस्तांच्या ज्या गृहनिर्माण संस्था निघाल्या, त्यांतली ही एक. मी इथं बराच उशिरा आलो, विकत घेऊन. पण पहिल्या मजल्यावरच्या आजी मूळच्या. पुराच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या, घर नारायण पेठेत. त्या सांगतात, इथं आले तेव्हा सगळा माळ होता. तळजई टेकडीच्या उतारावरून वारा यायचा आणि वाळत घातलेले कपडे थेट ओढ्यात सापडायचे. वडिलांनी घराला पाया घ्यायच्या आधी कुंपणाच्या कोपऱ्यात हे झाड लावलं. रोप शेतकी कॉलेजातून आणलेलं, असं त्यांना आठवतं.

वय नक्की करायचं म्हणून आधी घेर तपासावा म्हटलं. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, आपल्या साडेचार फुटांवर. आजींच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली. ती दीडशे सेंटीमीटरची. बुंध्याला दोनदा लावली तरी वीतभर उरलंच. शेवटी सुतळी गुंडाळली, एक टोक आजींनी अंगठ्यानं दाबून धरलं, मी प्रदक्षिणा घातली, आणि ती सुतळी पार्किंगच्या फरशीवर सरळ करून मोजली. तीनशे तीस. तक्ता करणाऱ्या सल्लागारानं दिलेला घेर बरोबर होता. घोळ होता तो वयात.

इंग्लंडात एक ठोकताळा आहे : मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला साधारण इंचभर वाढतो. त्या हिशेबानं आमचं झाड एकशेतीस वर्षांचं होतं, म्हणजे टिळकांच्या तारुण्यातलं. सल्लागार म्हणतात अठ्ठावीस. आजी म्हणतात साठ. पर्जन्यवृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, वाढतो झपाट्यानं, त्यामुळे इंग्रजांचा ठोकताळा त्याला लागू नाही हे उघड आहे. पण अठ्ठावीस कुठून आले? तीन दिवसांनी आजींनी एक फोटो काढून दिला. त्यांच्या धाकट्या भावाची मुंज. अंगणात मांडव, मांडवाचा एक दोर मांडीएवढ्या बुंध्याला बांधलेला, त्याच्यासमोर लंगोटीतला गोटा केलेला बटू ऊन डोळ्यांवर आल्यासारखा बघतोय. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि शाईनं लिहिलेलं साल, १९७२.

हा फोटो महत्त्वाचा का, तर महाराष्ट्रात झाडाच्या वयाला आता पैशाची किंमत आहे. नागरी भागातल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५चा कायदा आहे. २०२१मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरतं. आणि कोणतंही झाड तोडायचं तर त्याचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. अठ्ठावीस वर्षांचं झाड असेल तर अठ्ठावीस रोपं आणि विषय संपला. साठ वर्षांचं असेल तर साठ रोपं, वर वारशाचं लचांड. बत्तीस वर्षांच्या फरकात कोणाचं तरी हित होतं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. कारखान्यातही यंत्राचं उरलेलं आयुष्य ठरवताना घसारा ज्याला सोयीचा त्याचाच अंदाज धरला जाई. फक्त तिथं ऑडिटर यायचा.

आता किंमत. सगळ्यात आधी ऐकण्यात आलेला आकडा व्हॉट्सॲपवरचा : पन्नास वर्षांचं झाड म्हणजे १५ लाख ७० हजार रुपये. हा आकडा हवेतला नाही. कलकत्ता विद्यापीठातल्या टी. एम. दास यांनी १९७९च्या सुमारास तो मांडला होता. नंतर फळ्यांवर, पत्रकांवर, झाडांना अडकवलेल्या पाट्यांवर तो इतका फिरला की त्याचं वर्ष गळून पडलं आणि रुपये तेवढे राहिले. १९७९चे पंधरा लाख म्हणजे आजचे किती, हे कोणी विचारत नाही. वर्ष न लिहिता रक्कम लिहिणाऱ्या क्लार्कला आम्ही फाइल परत पाठवायचो.

दुसरा आकडा जास्त वजनाचा. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी साडेतीनशेच्या आसपास झाडं तोडण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं २०२१मध्ये सांगितलं की एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरा आणि तिला वयानं गुणा. शंभरी ओलांडलेलं झाड एक कोटीच्या वर जाऊ शकतं. मी गुणलं. साठ वर्षं. ४४ लाख ७० हजार.

रक्कम लिहिल्यावर दोन मिनिटं बरं वाटलं. मग सवयीनं तिची फोड बघितली आणि तिथं अडलो. ७४,५००पैकी ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे आहेत. मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन आहे एवढं शाळेत शिकलो आहे. आमचं झाड उद्या गेलं तर सहकारनगरात कोणाला धाप लागणार नाही. हवेतला ऑक्सिजन सिलिंडरच्या भावानं धरणं म्हणजे पावसाला बिसलेरीच्या भावानं धरणं. झाडांची बाजू मांडणारे हाच मुद्दा सगळ्यांत आधी काढतात, आणि विरुद्ध बाजूला कोणी जरा हुशार असला की तोच आधी खोडून काढतो, मग बाकीचे खरे मुद्देही त्याच्याबरोबर वाहून जातात. मी ऑक्सिजन वजा केला. २९,५०० गुणिले साठ, १७ लाख ७० हजार. रक्कम कमी झाली, पण आता ती मला भांडायला पुरेशी खरी वाटत होती.

लंडनमध्ये सरळ पद्धत आहे. तिथले वृक्ष अधिकारी ‘कॅव्हॅट’ नावाची एक रीत वापरतात : बुंध्याचा आडवा छेद किती, त्यावर दर लावायचा, मग आसपास किती माणसं राहतात आणि झाड किती जणांना दिसतं-भेटतं यावरून तो वाढवायचा-घटवायचा. या रीतीनं २००८मध्ये मेफेअरमधल्या बर्कली स्क्वेअरच्या एका ‘प्लेन’ जातीच्या वृक्षाची किंमत साडेसात लाख पौंड निघाली. मला यातली गर्दीची अट फार पटली. रानातल्या झाडापेक्षा वस्तीतल्या झाडाची किंमत जास्त, कारण त्याच्याखालून माणसं जातात. या हिशेबानं पुणे जसजसं दाटत जाईल तसतसं आमचं झाड महाग व्हायला हवं. प्रत्यक्षात दाटीमुळेच ते तक्त्याच्या सातव्या ओळीत आलं. नव्या इमारतीच्या बाजूनं अग्निशमनच्या गाडीला सहा मीटरची वाट सोडावी लागते आणि झाड नेमकं त्या वाटेत उभं आहे.

बाजाराला मात्र हिरवळीची किंमत कळत नाही असं अजिबात नाही. आमच्याच विकसकाच्या दुसऱ्या एका प्रकल्पाचं दरपत्रक माझ्याकडे आलं होतं. त्यात मजल्यागणिक वाढ होती, कोपऱ्याच्या फ्लॅटला वाढ होती, आणि ‘हिल व्ह्यू’ला चौरस फुटामागे दीडशे रुपये जादा होते. साडेनऊशे फुटांच्या फ्लॅटला १ लाख ४२ हजार ५००, नुसतं खिडकीतून टेकडी बघण्याचे. अर्थशास्त्रात ही किंमत काढण्याची मान्य रीत आहे. दोन फ्लॅट सगळ्या बाबतींत सारखे, एकासमोर बाग, दुसऱ्यासमोर भिंत. जो फरक तो बागेचा. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क झालं तेव्हा ते आखणाऱ्या ओल्मस्टेडनं हाच मुद्दा पुढे केला होता : शेजारच्या वॉर्डांतल्या मालमत्तांचं मूल्य एवढं वाढलं की करातूनच पार्कचा खर्च निघतो. तिथं निदान जमा कुठं झाली ते दिसतं, शहराच्या तिजोरीत. इथं टेकडी सगळ्यांची आणि दीडशे रुपये एकाचे.

तळजईचं काय, हा प्रश्न त्यामुळे आपसूक आला. मी रोज तिथं जातो. घरातून चालत वीस मिनिटं, वर मंदिरापर्यंत, गिरिपुष्पाच्या एकसुरी रानातून, कधी मोर दिसतो, कधी मोर बघायला थांबलेली माणसं. तिकीट नाही. ज्या गोष्टीला तिकीट नाही तिची किंमत काढायची एक सुंदर युक्ती हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९४७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्रातून कळवली होती. उद्यानाभोवती वर्तुळं काढा. एका वर्तुळातून येणाऱ्यांना येण्याजाण्याचा खर्च साधारण सारखा पडतो. लांबून येणारा जेवढं खर्चून येतो, तेवढं तरी त्याला ते उद्यान मोलाचं आहे. मग जवळच्याला तोच आनंद कमी पैशात मिळतो, त्या फरकाला म्हणायचं त्याचा नफा. बारावीच्या मराठी पुस्तकात या नफ्याला ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ म्हणतात. मुलीचा अभ्यास घेताना मी त्या शब्दाला हसलो होतो. आता रोज सकाळी वर पोचल्यावर मला तोच आठवतो. घामाघूम झालेला, बूट सैल केलेला, संतोषाधिक्यानं भरलेला.

एका रविवारी मी वही घेऊन पायथ्याला बसलो. धनकवडीहून स्कूटरवर आलेले, बिबवेवाडीहून गाडीतून आलेले, एक जोडपं तर खराडीहून. सहा किलोमीटर गाडी चालवून चार किलोमीटर चालायचं, मग गव्हांकुराचा रस, मग वडापाव, असा एकंदर क्रम. त्यांचा खर्च मांडता येत होता. पण जनता वसाहतीतून दोन बायका रोज पायी येतात, कामावर जायच्या आधी. पेट्रोल शून्य, रस शून्य. उरला त्यांचा वेळ. तर वेळेची किंमत कशी लावतात? रिवाज असा की माणसाच्या ताशी कमाईचा काही हिस्सा, बहुधा तिसरा, धरायचा. म्हणजे हिंजवडीत संगणकापुढे बसणाऱ्याचा टेकडीवरचा एक तास आणि चार घरची धुणीभांडी करणारीचा एक तास यांत वहीत दहापटीचा फरक पडतो. वारा दोघांना सारखाच लागतो. मी वही मिटली आणि रस घेतला. कडू होता.

विचारूनही किंमत काढतात. ‘हे टिकावं म्हणून तुम्ही किती द्याल?’ असं घरोघर विचारायचं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी असा अभ्यास झाला होता, १९९७मध्ये तो छापून आला. घरामागे महिन्याला सरासरी साडेसात रुपये द्यायची लोकांची तयारी निघाली. साडेसात रुपये ऐकायला हास्यास्पद वाटतात, पण मुंबईतल्या घरांच्या संख्येनं गुणलं की उद्यानाच्या तेव्हाच्या सरकारी खर्चाच्या कितीतरी पट होतात. ही रीत मला आवडली, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही. मी आमच्या इस्त्रीवाल्याकडे गेलो.

त्याची हातगाडी सतरा वर्षं या झाडाखाली आहे. म्हणायला खाली, पण ती सावलीबरोबर सरकते. सकाळी दहाला कुंपणाच्या पश्चिमेला, दुपारी तीनला पूर्वेला. चाकांच्या मागे लावायला दोन विटा आहेत, गाडी हलली की विटाही हलतात. कोळशाच्या इस्त्रीपुढे उभ्या माणसाला एप्रिलमध्ये सावली म्हणजे काय, हे एसीत बसून लिहिण्यात अर्थ नाही. मी दुपारी एक वाजता त्याच्या शेजारी दहा मिनिटं उभा राहिलो, तेवढं पुरलं.

‘‘झाड राहावं म्हणून महिन्याला किती देशील?’’

तो हसला. ‘‘मी कशाला देऊ काका? झाड माझं थोडीच आहे.’’

वहीत लिहिलं : शून्य. मग प्रश्न उलटा केला. ‘‘बरं, झाड तोडायचंय आणि तुझी परवानगी लागते असं समज. किती घेऊन हो म्हणशील?’’

आता तो हसला नाही. इस्त्री स्टँडवर ठेवली, एक शर्ट घडी केला, दुसरा पसरला, त्यावर पाणी शिंपडलं. कॉलर झाली, बाह्या झाल्या. मग म्हणाला, ‘‘गाळ्याचं भाडं द्या. मी आहे तोवर.’’

गाळ्याचं भाडं त्यानं विचारून ठेवलं होतं. महिना बारा हजार. बारा हजार आणि शून्य. माणूस तोच, झाड तेच. पुस्तकांत या दोन प्रश्नांतल्या तफावतीवर पानंच्या पानं आहेत, पण गाडीपाशी ती एका वाक्यात कळते : ‘माझं थोडीच आहे.’ झाड कोणाचं मानायचं यावर आधीच निकाल लागलेला असतो. किंमत त्याच्या मागून येते.

इथं एक आडवळण घेतो. फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर एक छोटं स्मारक आहे. १२ जून १९०५ला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तिथं भारत सेवक समाजाची स्थापना केली. सरकारचं बजेट आकड्यांनी फाडणारा माणूस, पण शपथ घ्यायला टेकडीवर गेला. त्याच टेकडीच्या पायथ्याला गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. तिथं धनंजयराव गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांचा अभ्यास केला, १९४८मध्ये तो प्रसिद्ध झाला. कालव्याचं पाणी शेतकऱ्याला विकून सरकारला किती मिळालं, एवढ्यावर त्यांनी हिशेब मिटवला नाही. पाण्यामुळे मजुराला काम मिळालं का, गावात दुकान चाललं का, कारखाना आला का, ते सगळं बघितलं. माझ्या मते झाडाच्या हिशेबाचं बीज त्यातच आहे. ज्याच्याकडून पट्टी वसूल होत नाही त्याच्याकडे गेलेला लाभही लाभच असतो. संस्थेतून मागच्या बाजूनं बाहेर पडलं की दहा मिनिटांत टेकडी चढता येते. गाडगीळ चढत असतील का, हा प्रश्न मला उगाच पडतो.

अप्रत्यक्ष लाभ काय असतो ते आमच्या भागानं उलट्या बाजूनं बघितलंय. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र. कात्रजकडून आंबिल ओढा भरून आला. आम्ही उतारावर जरा वर, म्हणून वाचलो. गच्चीवरून खालचे दिवे एकेक करून जाताना बघत होतो. सकाळी अरण्येश्वरच्या बाजूला गेलो तर गाड्या एकमेकींवर चढून बसलेल्या, एक रिक्षा भिंतीला उभी टेकलेली, आणि दुकानदार चिखलातून वह्या काढून पायरीवर वाळत घालत होता. त्या पावसात वीसहून अधिक माणसं गेली. डोंगरउतार फोडले, ओढ्याच्या कडा आवळल्या, मुरायचं पाणी मुरेना. टेकडी जेवढं पाणी धरून ठेवते त्याची किंमत काढायची तर त्या सकाळचं नुकसान मोजावं, असं शास्त्र सांगतं. नुकसान टळलं तर त्याचं बिल कोणी फाडत नाही, त्यामुळे टेकडीच्या नावावर काही जमा होत नाही. तिच्या जमिनीच्या नावावर मात्र होतं. १९९७ साली हद्दीत आलेल्या गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, २०१५मध्ये ठरला. मालकांना तो तुटपुंजा वाटतो, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटला असता. शहराला टेकडी हवी आहे, पण चार टक्के की आठ टक्के यापलीकडे तिची किंमत बोलायची भाषा शहराकडे नाही.

जगाचा हिशेबही झालेला आहे, तो सांगून टाकतो. १९९७मध्ये रॉबर्ट कॉस्टांझा हे पर्यावरणाचे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं की निसर्ग वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलरची सेवा पुरवतो. सगळ्या जगाचं एकूण उत्पन्न तेव्हा १८ लाख कोटींच्या आसपास होतं. एका टीकाकारानं म्हटलं, अनंताचा हा फारच कमी धरलेला अंदाज आहे. पृथ्वी गेली तर डॉलर मोजायला कोण उरणार? म्हणून सगळ्या निसर्गाची किंमत काढणं मला वायफळ वाटतं, एका झाडाची नाही. एक झाड जाऊ शकतं आणि नंतर मोजणारा उरतो.

सर्वसाधारण सभा रविवारी झाली, पार्किंगमध्ये, त्याच झाडाखाली. मी दोन पानांचं टिपण वाटलं. आजींच्या फोटोची झेरॉक्स जोडली. ऑक्सिजन वगळल्याचं पहिल्याच ओळीत लिहिलं, त्यामुळे निदान एका इंजिनियर सभासदानं मान हलवली. विरोधी मुद्दे आले, ते खोटे नव्हते. उन्हाळ्यात याच्या काळ्या शेंगा गाड्यांच्या बॉनेटवर पडतात आणि त्यांचा चिकटा राळेसारखा बसतो. पावसाळ्यात फांदी पडायची भीती. दोन निसर्गप्रेमी सभासदांनी तर वेगळंच काढलं : झाड परदेशी आहे, देशी असतं तर गोष्ट निराळी. पूरग्रस्त म्हणून आपणही इथले मूळचे नाही, असं आजी मागून म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही.

मग सेक्रेटरींनी चष्मा काढला. ते बँकेतून निवृत्त झालेत. ‘‘काका, तुमची रक्कम मला मान्य. साडेसतरा लाख घ्या, नाहीतर चव्वेचाळीस घ्या. मला एवढंच सांगा, हे पैसे जमा कोणाच्या खात्यात आहेत?’’

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन खतावणी मांडली. इस्त्रीवाला, महिना बारा हजार. कोपऱ्यावर बस थांबते तिथं उन्हात उभे राहणारे, माणशी थोडं थोडं. पश्चिमेच्या तीन फ्लॅटांचं विजेचं बिल. ओढ्याकाठची खालची वस्ती, तिचा अगदी बारीक वाटा. तीन फ्लॅट सोडले तर यांतला एकही सोसायटीचा सभासद नाही. ज्यांच्या नावे जमा आहे त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांच्या नावे शेंगांचा चिकटा. झाड तोडायचा ठराव चौदा विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. पश्चिमेच्या तीन फ्लॅटांपैकी दोघांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं, त्यांना नव्या इमारतीत एसी मिळणार आहेत.

महापालिकेची नोटीस झाडावर लागली तेव्हा मी मुदतीत हरकत दिली. फोटो, आजींचं सहीचं निवेदन, सुतळीचं माप. परवा पाहणी झाली. आलेल्या साहेबांनी पोलादी टेपनं घेर मोजला, ३३२ भरला, मग फोटो मागून-पुढून बघितला, शिक्क्याचा मोबाइलवर फोटो घेतला आणि काही न बोलता गेले.

ते गेल्यावर इस्त्रीवाल्यानं विचारलं, ‘‘कोण होते?’’

‘‘झाडाचं वय बघायला आले होते.’’

‘‘मग नवीन बिल्डिंगमध्ये झाड आहे का नाही?’’

माझ्या हातात विकसकाचं रंगीत पत्रक होतं, ते मी त्याच्या गाडीवर पसरलं. चित्रात बरीच झाडं आहेत, सगळी गोल आणि एकाच हिरव्या रंगाची, मध्ये बाकडी, एक फुगा धरलेली मुलगी. त्यानं बोटानं मोजली. अकरा भरली.

‘‘ही कुठं येणार?’’

‘‘वर. खाली तीन मजले पार्किंग, त्याच्या छतावर बाग.’’

त्यानं पत्रकावरून नजर उचलून तीन मजले कुठवर येतील त्याचा अंदाज घेतला. तीन वाजत आले होते. वाकून त्यानं चाकांमागच्या विटा काढल्या.

‘‘तिथं गाडी कशी चढवायची?’’